टेबलाखालचा माणूस

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या कसल्या आठवणी? अमका पाच मिनिटं उशिरा आला, तमका दहा मिनिटं उशिरा आला. लोक चकली खाली ठेवून वाचतील हो!"

तिचं चूक नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो. कामगार गेटमधून आत आला की रॅकमधलं आपलं कार्ड काढणार, घड्याळाच्या फटीत घालणार, खट्ट असा आवाज होणार आणि कार्डावर वेळ उमटणार. ती कार्डं सांभाळायची आणि महिन्याचं हजेरीपत्रक करायचं, हे माझं काम. यावर चार ओळींपेक्षा जास्त लिहिणं म्हणजे वाचकांचा छळ. पण त्याच कारखान्यात मी अठरा वर्षं आणखी एक नोकरी केली, बिनपगारी. आमच्या कामगार नाट्यमंडळाचा मी प्रॉम्प्टर होतो. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर माझ्याइतकं स्वच्छ कुजबुजणारा माणूस त्या काळात दुसरा नव्हता, हे मी मान वर करून सांगतो. ज्यांना शंका असेल त्यांनी जुन्या नटांना विचारावं. त्यातले निम्मे कबूल करणार नाहीत, कारण आपल्याला प्रॉम्प्टर लागायचा हे कुठलाच नट कबूल करत नाही.

ही विद्या मी देवळ्याला घरीच शिकलो. आमच्या कांद्याला पाण्याची पाळी रात्रीची यायची, त्यामुळे वडील दिवसा झोपत. म्हणून घरातला दिवसाचा सगळा कारभार कुजबुजत चाले. आई चुलीपाशी बसून परसात खेळणाऱ्या मला म्हणायची, "भाऊ, पानी लई ये," म्हणजे पाणी घेऊन ये. मला शब्दन् शब्द ऐकू यायचा आणि मधल्या खोलीत वडिलांचं घोरणं तुटायचं नाही. आवाज घशातून नाही, पोटातून काढायचा. श्वास सोडतानाच शब्द सोडायचा. मुंबईपुण्याला याचं प्रशिक्षण देतात की नाही मला ठाऊक नाही, माझं झालं ते कांद्याच्या कृपेने.

प्रॉम्प्टर म्हणजे वाक्य सांगणारा, असा बाहेरच्यांचा समज असतो. सगळं वाक्य सांगितलं तर नट बुजतो. पहिले दोन शब्द द्यायचे, आणि तेही तो विसरायच्या क्षणभर आधी. ते कळतं कसं? चेहऱ्यावरून नाही. चेहऱ्याने खोटं बोलणं हेच तर नटाचं काम. मी पाय बघायचो. वाक्य हरवलं की माणसाचा पाय जमिनीला विचारू लागतो. कुणाची टाच उचलली जाते, कुणी चवड्यावर झुलतो, कुणाचा अंगठा वर होतो. आमच्या मंडळातल्या प्रत्येकाचा पाय मला पाठ होता.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. मशीन शॉपच्या फोरमनना वाक्य दिलेलं अजिबात खपत नसे. दोन शब्द कानावर पडले की ते भर प्रवेशात विंगेपर्यंत चालत येत, "मला येत होतं!" असं दरडावत आणि परत जाऊन तेच वाक्य म्हणत. प्रेक्षकांना वाटे, आत त्यांच्या बायकोचं पात्र आहे.

दुसऱ्या सुमनताई. कारखान्यात तेव्हा बाई म्हणून एकटी टेलिफोन ऑपरेटर, तीही स्टेजवर यायला तयार नाही. म्हणून शहरातल्या सुमनताईंना आम्ही बोलवायचो, आणि बाकीचे कारखानेही त्यांनाच बोलवायचे. स्पर्धेच्या दिवसांत त्या तीन नाटकांत तिघांच्या बायका असत. एकदा आमच्या विनोदी नाटकात धडधाकट नवऱ्याकडे बघून त्या कळवळून म्हणाल्या, "डॉक्टर, यांना वाचवा हो!" ही दुसऱ्या कारखान्याची शोकांतिका होती. मी वाक्य दिलंच नाही. फक्त म्हणालो, "सातपूर." बाईंनी पदर सारखा केला आणि त्याच कळवळ्याने पुढे म्हणाल्या, "वाचवा म्हणजे, यांच्या आळसापासून!" टाळी पडली. एका शब्दात अख्खं नाटक रुळावर आणल्याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कारखान्यातल्या नाटकाचा एक अलिखित नियम असे. तालमीला कँटीन हवं, पहिल्या पाळीच्या मंडळींना सुटीआधी अर्धा तास सूट हवी, प्रयोगाला कंपनीची बस हवी, तर एका अधिकाऱ्याला नाटकात घ्यायचं. आमच्याकडे तो मान पर्सोनेल ऑफिसर देशमाने साहेबांचा. रजा, बढती, कायम करणं, सगळं त्यांच्या सहीने व्हायचं. माणूस मनाने वाईट नव्हता. पाठांतर शून्य, हौस दांडगी, आणि एक खोड. त्यांना विनोद सांगायचा असे.

रजेचा अर्ज घेऊन गेलेल्याला आधी विनोद ऐकावा लागे. विनोद ठरलेला. एक माणूस घड्याळ दुरुस्तीला टाकतो. दुकानदार म्हणतो, उद्या या. माणूस विचारतो, किती वाजता? दुकानदार म्हणतो, "कितीही वाजता या, घड्याळ तर माझ्याकडे आहे, तुम्हाला काय कळणार!" साहेब शेवट यायच्या आधी स्वतःच हसू लागत, त्यामुळे शेवट कुणाला कधी नीट ऐकू आला नाही. मग ते समोरच्याकडे बघत. समोरचा हसला की सही. हसण्याच्या श्रेणी ठरलेल्या होत्या. अर्ध्या दिवसाच्या रजेला नुसते दात दाखवायचे. आठ दिवसांच्या रजेला टेबलाचा आधार घ्यायचा. लग्नाच्या रजेला एकाने डोळेसुद्धा पुसल्याचं मी पाहिलं आहे. मी स्वतः त्या घड्याळावर चौदा वर्षं हसलो.

गौतम पगारे हा पेंट शॉपमधला हेल्पर. नाशिकरोडच्या बाजूला बौद्ध वस्तीत राहायचा, घरात आईवडील, बायको आणि दोन लहान मुलं. हाताशी कायम वही. पाच वर्षं टेंपररी होता. टेंपररीचं गणित बाहेरच्यांना सांगायला हवं. माणूस सलग कामावर राहिला तर कायम करावा लागतो, म्हणून दर सात महिन्यांनी त्याला काही दिवस घरी बसवायचं आणि मग नव्याने घ्यायचं. याला ब्रेक म्हणत. त्याला कुणी निरोप देत नसे, पत्र देत नसे. कायम कामगारांच्या कार्डांचा रॅक वेगळा, टेंपररींचा वेगळा. सकाळी तो आपल्या रॅकपाशी यायचा आणि त्याचं कार्ड जागेवर नसायचं. तेवढ्यावरून त्याने समजायचं आणि घरी जायचं. आदल्या संध्याकाळी ते कार्ड काढून ठेवणारा हात माझा. पगारेचं कार्ड मी आठ वेळा काढलं होतं.

त्याने एकांकिका लिहिली, 'विनोद मंजूर'. एक साहेब सहीआधी विनोद सांगतो, सगळं ऑफिस हसतं. एक कारकून मुलाला दवाखान्यात न्यायला रजा मागायला येतो. त्याला हसू येत नाही. तो नुसता उभा राहतो. साहेब पुन्हा सांगतो, समजावून सांगतो, शेवटी थकून म्हणतो, "बरं. सही करतो." बस्स. कँटीनमध्ये वाचन झालं तेव्हा आम्ही श्वास रोखून बसलो होतो, कारण साहेबाची भूमिका नियमाप्रमाणे देशमाने साहेबांना जाणार होती. वाचन संपल्यावर साहेब खूश होऊन म्हणाले, "छान लिहिलंयस पगारे. असे साहेब असतात हो काही कंपन्यांत!"

कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. कारकुनाचं काम पगारेने स्वतः घेतलं.

कामगारांच्या स्पर्धेत एकांकिका गाजली. तिथे त्या शेवटच्या शांततेला मी फार वेळ टिकू दिलं नव्हतं. तीन आकडे मोजून साहेबांना पुढचे शब्द देत होतो, कारण शांतता ही प्रॉम्प्टरची वैरीण, अशी माझी तेव्हा समजूत. मग मुंबईहून टीव्हीवाल्यांचं बोलावणं आलं. वीस मिनिटांत बसवून आणा, रेकॉर्डिंग करू. नाशिकला तेव्हा घरोघर टीव्ही येऊ लागले होते. ज्यांच्याकडे होते त्यांच्या घरी संध्याकाळी चपलांचा ढीग पडायचा.

टीव्ही म्हटल्यावर मात्र देशमाने साहेब विचारात पडले. मोठे साहेब बघणार, सासुरवाडी बघणार. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "खैरनार, शेवट जरा बदलू. कारकून हसतो, साहेब सही करतो, सगळे आनंदात. टीव्हीवर गोड शेवट बरा." आणि मी निघालो तेव्हा सहज म्हणाले, "पगारेला सांगा, या खेपेला त्याचं कायमचं बघतोय मी."

मी संहितेत लाल पेन्सिलीने लिहिलं, 'कारकून मनापासून हसतो.' लिहायला तीन सेकंदसुद्धा लागले नसतील. आयुष्यात काही गोष्टी परत करायला मिळाल्या तर मी ती पेन्सिल खाली ठेवीन.

पगारेने पान बघितलं. "भाऊ, हे तुमच्या अक्षरात हाय."

"साहेबांनी सांगितलं."

"मग हसायचं?"

"ब्रेक या महिन्यात आहे तुझा. साहेब कायमचं बघतो म्हणालेत. हस बाबा, तुझं काय जातं?"

"खाली रोजच हसतोय की भाऊ," तो म्हणाला. "स्टेजवर तरी नाय हसायचं, म्हणून तर लिवलं होतं."

मी संहिता मिटून काखोटीला मारली आणि निघालो. दुसऱ्यांना शब्द पुरवणाऱ्या माणसाची ही गत.

स्टुडिओत गेलो तर विंग नावाची जागाच नाही. तिन्ही बाजूंनी कॅमेरे, डोक्यावर लांब काठीला टांगलेला माइक. निर्मात्या बाई होत्या, तिशीच्या, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "प्रॉम्प्टर नको. तो माइक उंदराचा आवाजसुद्धा पकडतो." देशमाने साहेबांचा चेहरा उतरला. "खैरनार नाही तर मीही नाही," ते म्हणाले. त्यांच्या इतक्या वर्षांतल्या बोलण्यातलं हे मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. बाईंनी तोडगा काढला. सेटवर साहेबाचं मोठं टेबल होतं, समोरून फळीने बंद. त्याच्या खाली मला बसवलं, हातात संहिता, बॅटरी आणि तोंडावर बाईंचा दम, की आवाज वर आला तर पहिल्यापासून करावं लागेल आणि स्टुडिओ तासाभराने दुसऱ्यांना द्यायचा आहे.

बाईंनी नटांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी टेबलाखालून ऐकली. "गप्प राहायला घाबरू नका. नाटकात मागच्या रांगेला चेहरा दिसत नाही, इथे कॅमेरा जवळ येतो. अवघडलेला माणूस बघण्यातच सगळी गंमत आहे." मला हे अजिबात पटलं नाही.

टेबलाखालून मला दिसायचं काय? एका बाजूला साहेबांचे पॉलिश केलेले बूट. समोरच्या फळीखाली चार बोटांची फट, त्यातून समोर उभ्या राहणाऱ्याचे पाय. एवढंच. पण माझं काम तेवढ्यावरच चालायचं.

सुरुवात झकास झाली. साहेबांना सात-आठ ठिकाणी शब्द लागले, मी दिले, माइकला पत्ता लागला नाही. मग फटीत पगारेच्या चपला आल्या. त्याने अर्ज टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. साहेबांनी घड्याळाचा विनोद सांगितला, हसले, थांबले. आता पगारेने हसायचं.

काही ऐकू आलं नाही.

एक, दोन, तीन. मी संहितेवर बॅटरी धरली. लाल अक्षरं समोर होती. 'हस' एवढा एक शब्द पोटातून सोडला की काम झालं असतं. मी पगारेच्या पायांकडे बघितलं. पगारे विसरला की त्याच्या उजव्या पायाचा अंगठा वर होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. अंगठा चपलेला चिकटलेला होता. दोन्ही पाय घट्ट रोवलेले. हा माणूस विसरलेला नव्हता. त्याला सगळं आठवत होतं, ब्रेकसुद्धा.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर बूट बसला. साहेबांचा. म्हणजे, द्या त्याला शब्द. मी गप्प. दुसरी लाथ जरा जोरात. इतकी वर्षं मी कधी कुणाचा शब्द चुकवला नव्हता, आणि त्या दिवशी साहेबांच्या बुटाखाली बसून ठरवून चुकवला. भीती नव्हती असं नाही. नोकरी माझीही होती. पण माझ्याच अक्षरातलं ते 'हसतो' माझ्याच्याने पगारेच्या तोंडात घालवेना.

तिसरी लाथ आली नाही. वर साहेब एकटे पडले होते. मग ते बोलू लागले, आणि ते शब्द ना नव्या शेवटात होते, ना पगारेच्या मूळ संहितेत. "म्हणजे बघ, घड्याळ दुकानात आहे ना... त्याच्याकडे दुसरं घड्याळ नाही. मग वाजले किती ते त्याला... कळलं ना?" पुन्हा शांतता. साहेब एकटेच थोडे हसले. मग ते हसू मधेच थांबलं. "तसा जुना आहे विनोद," ते हळूच म्हणाले. कुठल्याशा कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसू दाबताना फुर्र केलं. मी बुटांकडे बघितलं. टाचा वर झाल्या, चवडे झुलू लागले. हरवलेल्या माणसाचे पाय, आणि ते साहेबांचे होते. त्यांना मात्र मी शब्द दिले. लाल पेन्सिलीतले नाहीत, पगारेने मूळ लिहिलेले.

"बरं. सही..."

"बरं," वर साहेब म्हणाले. "सही करतो."

बाई धावत आल्या. "साहेब, हे तालमीत केलं नव्हतंत! काय अवघडलात!" साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "ऐन वेळी सुचलं," ते म्हणाले आणि टेबलाखालून निघणाऱ्या माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बसने कसारा घाट चढून घरी पोचलो. माझा गुडघा काळानिळा झाला होता. बायकोने हळद लावताना विचारलं, "टीव्हीत काम करताना मारतात का?"

प्रक्षेपण आम्ही कँटीनमधल्या टीव्हीवर बघितलं. तो शेवट आला आणि मला कळलं की बाईंचं बरोबर होतं. पडद्यावर पगारेचा शांत चेहरा, मग साहेबांचा घामेजलेला, पुन्हा पगारेचा. ज्या शांततेला मी आयुष्यभर दोन शब्दांत मारत आलो, तिच्यावर दोनशे माणसं पोट धरून हसत होती. हे हसणं कुठल्याही रजेसाठी नव्हतं. आपल्या मंडळाने हे केलं, आणि त्यात मी कुठेच दिसत नसलो तरी त्या टेबलाखाली मी आहे, या विचाराने माझा ऊर भरून आला. खोटं का सांगू, मी रडलो.

साहेबांनी घरी बघितलं. तिसऱ्या दिवशी ब्रेकची यादी सहीला गेली, आणि मला आणि पगारेला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांपुढे ती यादी आणि आणखी एक कागद होता.

"आमची ही म्हणाली," ते म्हणाले, "सगळे म्हणतात काय अभिनय केलात, पण तुम्ही अभिनय केलात कुठे?"

पगारे उभा. मी दाराशी उभा. साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि थांबले. मला सवयीने वाटलं की आता शब्द द्यावा, मी श्वासही घेतला. त्यांनी मान वर न करता हात केला.

"गप्प बसा, खैरनार. मला येतंय वाक्य."

पगारेला कायम केल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. विनोद सांगितला नाही. त्यानंतर तो घड्याळाचा विनोद कारखान्यात कुणी ऐकला नाही, आणि खरं सांगतो, थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्या यादीत आणखी चार नावं होती. त्यांची कार्डं त्या संध्याकाळी मी काढली, नेहमीसारखी. त्यांच्यासाठी कुणी एकांकिका लिहिली नव्हती, आणि मीही तोंडातून शब्द काढला नाही. कुजबुजूनही नाही. त्यातले दोघे पुढे कायम झाले, दोघे झाले नाहीत. त्या दोघांची नावं मला अजून पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मी खिडकीत बसलो होतो. पगारे आला. सवयीने टेंपररींच्या रॅकपुढे उभा राहिला आणि आपली जागा शोधू लागला. जागा रिकामी होती. रिकाम्या जागेचा अर्थ त्याला आठ वेळा कळलेला होता. तो तसाच उभा राहिला. सहीचा कागद त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, तरी त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. मी खिडकीतून खाली बघितलं. टीव्हीच्या तीन कॅमेऱ्यांपुढे जागचा न हललेला उजवा अंगठा वर झाला होता.

"पलीकडचा रॅक," मी पोटातून म्हणालो.